थर्माकोलची बाराखडी

आमच्या कॉलेजात प्रमुख पाहुणा म्हणून कोणाला बोलवायचं, हे त्या माणसाच्या कर्तृत्वावर ठरत नसे. त्याच्या नावात ज्ञ आहे की नाही, यावर ठरे. प्राचार्य दोन-तीन नावं कागदावर लिहून देत. राठोड सर तो कागद घेऊन जिन्याखालच्या खोलीत शिरत आणि थोड्या वेळानं अंगावरची धूळ झटकत बाहेर येत. "देवराव बसतेत. ज्ञानोबाचं काही जमून नाही राहिलं." मग निमंत्रण देवरावांना जाई. ज्ञानोबा बिचारे जिल्हाभर नावाजलेले, पण आमच्या स्टेजवर काही चढले नाहीत.

तेव्हा स्टेजच्या मागं जांभळा पडदा असे आणि त्यावर टाचण्यांनी टोचलेली थर्माकोलची अक्षरं. बाकीच्या कॉलेजांत दर कार्यक्रमाला नवी अक्षरं कापत आणि दुसऱ्या दिवशी मागच्या उकिरड्यावर फेकून देत. आमच्याकडं तसं चालत नसे, कारण आमच्याकडं मारोती राठोड होते. भूगोल विभागाचे प्रमुख. विभागात एकटेच असल्यामुळं शिपाईही तेच.

"मातीत गाडा, पाण्यात टाका, हे काही कुजत नाही," ते म्हणायचे. "आपली पतवंडं येतील, तवाबी हे असंच पडून ऱ्हाईल. मग फेकायचं काहून? वापरायचं." कार्यक्रम संपला की आम्ही पोह्यांच्या दिशेनं पळत असू आणि सर स्टुलावर उभे राहून, ओठांत टाचण्या धरून, एकेक अक्षर अलगद काढत असत. ती अक्षरं खताच्या रिकाम्या पोत्यांत जात. कवर्गाचं पोतं वेगळं, चवर्गाचं वेगळं. काना, मात्रा, वेलांट्या आणि मोडके तुकडे एका कापडी पिशवीत. व्याकरणाची एवढी व्यवस्था आमच्या मराठी विभागातही नव्हती, आणि मराठी विभागात मी होतो.

काही कमी पडलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. "हाय त्याच्यात बसवू." आणि बसवत. व च्या पोटात काडी घातली की ब. प ला तिरका तुकडा लावला की ष. र आणि व शेजारी चिकटवले की ख. दरवर्षीच्या स्नेहसंमेलनाचं नाव 'नवरंग' असे. मुलं दरवर्षी 'युवास्पंदन' मागत आणि सर दरवर्षी सांगत, की स्पंदनाला अक्षरं लागतात बाबा, नुसता उत्साह पुरत नाही.

एकदा एक कुळकर्णी पाहुणे आले. ते आपलं नाव ळ नंच लिहीत आणि ल नं लिहिलेलं त्यांना खपत नसे. आमच्याकडचा एकुलता एक ळ त्या दिवशी 'शाळा-महाविद्यालय' यात अडकलेला. सरांनी ल बसवला. पाहुणे तासभर पर्यावरणाच्या ऱ्हासावर बोलले आणि दर दोन वाक्यांनी मान वळवून आपल्या नावाचा झालेला ऱ्हास बघत राहिले.

पुढं परभणीतून फुटून हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला. गावागावांत पेढे वाटले गेले. राठोड सर तेवढे चिंतेत. 'परभणी जिल्हा' हे शब्द त्यांच्याकडं कितीतरी वर्षांपासून घोटून तयार होते. आता हिंगोलीसाठी आणखी एक ह कुठून आणायचा, आणि तो आणला तरी इतक्या प भ ण चं करायचं काय? लोकांना जिल्हा मिळाला आणि सरांना तकलीफ.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे तास घेतले तर पगार, आणि पुढच्या जूनमध्ये तास मिळतील की नाही हे प्राचार्यांच्या मर्जीवर. मुळातच भित्रा माणूस, त्यात सरांचा मदतनीस. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून मी दर थोड्या वेळानं पडद्यापाशी जाऊन टाचण्या दाबून बघत असे. अक्षरं जुनी, टाचण्या गंजलेल्या, त्यात कोणी पंखा लावला की सगळंच धोक्यात. एका आमदारांच्या भाषणात 'स्वा' गळून पडला आणि भाषण संपेपर्यंत त्यांच्या डोक्यावर 'हार्दिक गत' असं लिहिलेलं राहिलं. मी घामानं भिजलो. सरांनी मात्र सगळ्यांदेखत वाकून आधी 'स्वा' उचलला आणि त्याला कुठं लागलं का ते पाहिलं.

पण सर निवांत होते असं नाही. किंबहुना इतका घाबरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटचा तास संपला की त्यांची लुना सुरू झालेली असे. चहाला थांबत नसत, सहलीला येत नसत, घरी कोणाला बोलावत नसत. ते जवळा बाजार या गावात भाड्यानं राहत. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या, आजारी पडल्या आणि नोकरी सोडली, एवढं आम्हाला ऐकून माहीत. स्टाफरूमनं त्यांना कंजूष ठरवून टाकलं होतं. चहा पाजावा लागेल म्हणून पळतात, असं सगळेच म्हणत.

मग फ्लेक्स आला. हिंगोलीला सकाळी मजकूर द्या, संध्याकाळी रंगीत बॅनर घ्या, पाहुण्याच्या फोटोसकट. अक्षरांची गरजच संपली. आमच्या पहिल्या फ्लेक्सवर 'प्लास्टिकमुक्त परिसर' असं लिहिलेलं होतं आणि तो फ्लेक्स प्लास्टिकचा होता. सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, कोपरा चिमटीत धरून पाहिला आणि वर्गावर गेले.

त्याच वर्षी कॉलेजची तपासणी करायला एक समिती येणार असं ठरलं. प्राचार्यांची झोप उडाली. रोज एक नवी समिती जन्माला येऊ लागली आणि हरित परिसर समिती माझ्या गळ्यात पडली. झाडांच्या बुंध्यांना चुना लावणं आणि जिन्याखालची खोली मोकळी करणं ही माझी कामं. त्या खोलीत 'पुनर्वापर कक्ष' अशी पाटी लावायची होती. कक्षात ठेवायला काही नव्हतं, पण पाटी तयार होती. आणि जे खरोखर पुन्हा पुन्हा वापरलेलं होतं, ते मागं नेऊन जाळायचं होतं.

राठोड सर प्राचार्यांकडं गेले. मी केबिनच्या दारात उभा होतो. थर्माकोल जाळलं तर विषारी धूर होतो, शेजारी मुलींचं वसतिगृह आहे, असं ते सांगत होते. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, तेही घाबरलेलेच होते. ते म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत घरी नेत असाल तर न्या, उद्या सकाळी मला तिथं एक पोतं दिसता कामा नये. मला वाटलं, सर आनंदानं उड्या मारतील. पण घरी म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. "समदंच घरी?" त्यांनी दोनदा विचारलं.

लुनावर पुढं सर, मागं मी, माझ्या मांडीवर एक पोतं, दोन्ही बगलांत दोन, पाठीला दोन बांधलेली. वजन काहीच नाही आणि पसारा लग्नाच्या रुखवताएवढा. वारा आला की लुना सोयाबीनच्या शेताकडं झुके आणि माझा जीव गोळा होई. अर्ध्या वाटेवर सरांनी एका बाभळीखाली गाडी थांबवली. पवर्गाचं पोतं खाली ओतलं आणि त्यातून एकेक म निवडून बाजूला काढायला लागले. लहान म, मोठे म, एक कान तुटलेला म. ते सगळे त्यांनी माझ्या पिशवीत भरले.

"जोशी, हे तुमच्या घरी ठिवा. नाही म्हणू नका."

मला काही कळेना. नोकरीच्या काळजीनं माझं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं, आता सरांचंही गेलं की काय असं वाटलं. मी विचारलं, म च काहून?

सर बाभळीला टेकून बसले. घरी बायकोला, त्या शाळेच्या बाईंना, लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, जीभ गेली, डोकं मात्र लखलखीत. डाव्या हातानं पेन्सिल धरवेना, पाटी घसरायची. एक दिवस सरांनी जाता जाता थोडी अक्षरं घरी नेली. थर्माकोल हलकं, दुबळ्या हातानंही सरकवता येतं. बाई त्यातून 'चा' मागू लागल्या, 'पाणी' मागू लागल्या, कूस बदलायची असली की 'कूस' लिहू लागल्या. पुष्कळ दिवसांनी घरात बोलणं सुरू झालं. म्हणून सर पाच वाजता पळायचे. कोणीतरी आपल्याशी बोलायला थांबलेलं असे.

"अन् एका दिवशी गेलो तर लिहून ठिवलेलं. मरू द्या." सर पोत्याची गाठ सोडबांध करत होते. "त्या दिसापासून म घरात ठिवत न्हाई मी. मीठ कमी पडलं तरी तिला सांगता येत न्हाई आता. मीच चाखून चाखून टाकतो."

हा माणूस चहा चुकवतो म्हणून मीही हसलो होतो. मी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि पुन्हा पोती कवेत घेऊन मागं बसलो. आता मला पोत्यांची नाही, त्या घराची भीती वाटत होती.

दोन खोल्या. खिडकीशी कॉट. बाई उशीला टेकून बसलेल्या, वेणी घातलेली. ती सरांनीच घातलेली असणार, कारण नको तिथं दोन गाठी होत्या. कॉटवर आडवा ठेवलेला भूगोल विभागाचा जुना ड्रॉइंग बोर्ड. आम्ही पोती आत आणली तशा त्या डोळ्यांनी हसल्या. डावा हात हलला आणि बोर्डावर 'बसा' असं उमटलं. मी बसलो.

सर एकदम खूप बोलायला लागले. घाबरले की ते तसं करत असावेत. बघ, सारी अक्षरं आणली, आता कॉलेजाला नकोत, आता ही तुझीच, काय लिहायचं ते लिही. बोलता बोलता त्यांनी पोती कॉटवर मोकळी केली. बाईंनी पवर्गाच्या ढिगात हात घातला. प सारला, फ सारला, ब सारला. पुन्हा शोधलं. मग मान वर करून सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

बाईंनी भ उचलला आणि बोर्डावर ठेवला. तुकड्यांच्या पिशवीत चाचपून एक बारीक काडी काढली आणि भ च्या वरच्या मोकळ्या जागेत बसवली. म झाला. पिशवीतले तुकडे काढायचं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

सर खिडकीपासून वळले ते तिथंच थांबले. बाईंनी म च्या शेजारी र ठेवला. दुबळ्या हाताला वेळ लागत होता. मग थोडी जागा सोडून त ठेवला.

मरत.

सरांनी भिंतीला हात टेकला. बाईंचा हात पुन्हा पिशवीत गेला. त्यांनी एक काना काढला आणि म च्या पुढं ठेवला. दुसरा काना र च्या पुढं, त्यावर एक मात्रा. शेवटी मोठी वेलांटी शोधून काढली आणि त ला लावली. पहिलीच्या वर्गाच्या बाई त्या. आधी अक्षरं मांडायची, मग काना-मात्रा द्यायच्या, असंच त्यांनी पोरांना शिकवलं होतं.

मारोती.

बाईंनी मान खाली घातली. अर्धा चेहरा हलत नव्हता, उरलेला अर्धा नव्या नवरीसारखा लाजला होता.

"लग्नातबी घेतलं नव्हतं हिनं माझं नाव," सर म्हणाले. "समदे मागं लागले होते. न्हाई म्हणजे न्हाईच घेतलं." त्यांचा आवाज फुटला आणि ते माझ्यादेखत रडले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बाईंनी डाव्या हातानं दोघांना खुणावलं, चहा करा.

निघताना सर मला दारापर्यंत सोडायला आले. पिशवी माझ्या खांद्याला होती. ते तिच्याकडं बघत राहिले.

"उद्या ते म घेऊन या, जोशी."

"सगळे?"

ते आत बघून आले. बाई अजून त्या शब्दावरून बोट फिरवत होत्या.

"एकच आणा," ते म्हणाले. "बाकीचे ऱ्हाऊ द्या अजून तुमच्याकडं."

एक म 'मारोती'लाही पुरतो आणि 'मरू द्या'लाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यातल्या त्यात धड असलेला म वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. सरांनी तो दारातच उघडला, फुंकर मारून साफ केला, आणि आत जाऊन बाईंच्या डाव्या हाताला लागेल असा ठेवला.