दुर्बिणीची आंघोळ

जावईबापूंचं वागणंच आक्कांना पसंत नव्हतं. पिंपाएवढी दुर्बीण घरात आणून ठेवायची, आणि आणल्यापासून तिच्यावर एक फडका मारायचा नाही! वर दुसऱ्या कुणी हातही लावायचा नाही! लेकीकडे राहायला आलेल्या आक्कांनी आल्या आल्या त्या नळकांड्यात डोकावून पाहिलं. तळाशी ताटाएवढा आरसा, आणि त्यावर धूळच धूळ!

"यातून तारे बघता तुम्ही?"

"राहू द्या आक्का. धुळीने काही बिघडत नाही त्याचं."

शेगडीखालचा कोपराही पुसल्याशिवाय कधी न सोडलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं!

त्यातून आज संध्याकाळी गच्चीवर जावईबापू इमारतीतल्या नवशिक्यांना आकाशाची ओळख करून देणार होते. सोसायटीच्या सेक्रेटरीने बजावूनच ठेवलं होतं, "मागच्या खेपेला ढग दाखवलेत. आज काही दिसलं नाही, तर गच्चीची किल्ली परत!" लेकीचा जीव टांगणीला लागला होता. "आई, गच्ची गेली तर हे अंथरूणच धरतील गं!"

मग मात्र आक्कांनी पदर खोचला. जावई ऑफिसात, लेक बाजारात. मिक्सर उघडून पात्याखालचा मळ टोकरणाऱ्या बाईपुढे दुर्बिणीचे तीन स्क्रू काय टिकणार! आरसा बाहेर आला आणि थेट टबात गेला. कढत पाणी, त्यात ओंजळभर धुण्याचा सोडा. बघता बघता चंदेरी मळाचे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगायला लागले.

"अगं बाई! किती हा मळ!"

आरसा असा लख्ख निघाला, की त्यातून टबाचा तळ दिसू लागला. आक्कांनी तो पुसून होता तसा बसवला, आणि जाऊन तळमजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, "आज या वर. आमच्या जावयाच्या दुर्बिणीतून चंद्रावरचा खडा न् खडा दिसतो!"

संध्याकाळ झाली. गच्चीवर माणसं जमली. चंद्र नेमका ढगाआड होता. जावईबापूंनी दिवे बंद करायला लावले. "आधी डोळे अंधाराला सरावू द्या," ते म्हणाले. "मग दाखवतो ताऱ्यांचा झुबका."

मुख्याध्यापिकाबाईंनी डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"अंधार. असा आमच्याकडे फ्यूज उडाला की फुकट दिसतो!"

सगळे खदखदून हसले. सेक्रेटरीने किल्लीसाठी हात पुढे केला. जावईबापूंनी घाबरून नळकांड्यात टॉर्च मारला, तर उजेड आरशातून आरपार! तळाचे स्क्रू चकाकले!

"आरसा!" जावईबापू किंचाळले. "माझा आरसा कुठं गेला? ही तर नुसती काच आहे!"

"चोरी!" सेक्रेटरी ओरडला. "आरसा काढून काच बसवलीय! या इमारतीत दुपारी कोण मोकळं हिंडतं? बोलवा वॉचमनला!"

वॉचमन धापा टाकत वर आला. "साहेब, देवाशपथ, मी कशाला शिवलो नाही!"

"उद्यापासून येऊ नकोस! आधी पोलिसांना फोन लावा!"

आक्कांना दुपारचा टब आठवला. तो चंदेरी मळ म्हणजे... अगं आई गं! वॉचमनचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आक्का उसळून पुढे झाल्या.

"सोडा त्याला! चोरी कसली? मी धुतलाय आरसा, सोड्यात! माझ्यासमोर बोला काय ते!"

जावईबापू मटकन खाली बसले.

"आक्का... तो मळ नव्हता. काचेवरचा चकचकीत मुलामा होता. आरसा म्हणजे तोच!"

इतक्यात ढग सरला. आता नुसतं बसून काय करायचं, म्हणून लेकीनेच दुर्बीण चंद्राकडे वळवली, डोळा लावला आणि थिजली. "अहो... दिसतोय!"

जावईबापूंनी झडप घातली. चंद्राचा उजेडच एवढा, की नुसत्या काचेवरून परतलेला अंशही पुरत होता! मुख्याध्यापिकाबाईंनी पाहिलं, परत पाहिलं.

"मागे शाळेच्या दुर्बिणीतून बघितला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. आज कसा गार दिसतोय! खड्डे न् डोंगर, सगळं!"

रांग लागली. तीत वॉचमनचाही नंबर लागला. सेक्रेटरी तर हलेचना. "किल्ली असू द्या तुमच्याकडेच," त्याने डोळा न काढताच सांगितलं.

जावईबापू मात्र हताश होऊन म्हणाले, "पण आक्का, आता अंधूक तारे दिसायचे नाहीत. मुलामा पुन्हा चढवून आणावा लागेल."

आक्कांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"सोड्याच्या एका बुडीत उतरतो, असला मुलामा घेताना डोळे कुठं होते तुमचे? दुकानदाराने सरळसरळ फसवलंय तुम्हाला, जावईबापू! पुढच्या वेळी खरेदीला मला घेऊन जा."