उलट्या बटणांचा वकील

“मोफत वकील मिळवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!” ताईच्या शिवणदुकानात पाय टाकताच मामांनी जाहीर केलं.

भाचरं त्यांना मागून ‘सल्लेमामा’ म्हणत. कुणी मागितलेला नसताना सल्ला द्यायचा आणि तो उलटला की ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणायचं, एवढं एकच काम त्यांनी आयुष्यभर निष्ठेनं केलं होतं.

ताईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. भाडं वेळच्या वेळी पोचत होतं, तरी मालकाला दुकान रिकामं हवं होतं. “एक दिवस माझंच कुलूप ठोकीन!” असं तो येता-जाता बजावायचा. दुकान गेलं की घरची चूल विझली, एवढा साधा हिशेब होता.

“अरे, आपल्या गिऱ्हाईक वकीलबाईंनाच विचारू का? त्यांचा कोट आलाय दुरुस्तीला.”

“छे! त्यांची फी ऐकून तुझं शिलाई मशीनसुद्धा बेशुद्ध पडेल! तू मोफत सल्ला केंद्रात जा, टोकन घे. मी दुकान बंद करून आलोच!”

ताई गेली. मामांनी आरशात पाहिलं. शर्ट पाठीवर फाटलेला! शेजारीच हँगरवर वकीलबाईंचा काळा कोट. चार लोकांत वजन पडायला नको? मामांनी तो चढवला. काखेत आवळला, पण बसला. बटणं मात्र भलत्याच बाजूला! बायकांच्या कोटाला ती तशीच असतात, हे मामांच्या गावीही नव्हतं. “ताईचं हल्ली कामात लक्ष नाही!” असं पुटपुटत, बटणांशी झुंजत त्यांनी शटर ओढलं. या झटापटीत कुलूप खिशातच राहिलं.

केंद्रावरचा रखवालदार नवा होता. त्यानं फक्त कोट ओळखला. “या साहेब! लोक कधीचे ताटकळलेत!”

“अहो, पण मी...”

पुढचं बोलेपर्यंत मामा आतल्या खुर्चीत होते. खुर्ची गुबगुबीत, वर पंखा, समोर पाण्याचा ग्लास. काय चाललंय ते त्यांना कळेना. पण न कळणाऱ्या गोष्टीवर बोलायची त्यांना सवय होतीच.

पहिले आले काठीवाले आजोबा. शेजारी त्यांच्या भिंतीत खिळे ठोकत होता.

“नोटीस पाठवा!”

मग एक स्वयंपाकीणबाई. तिला कामावरून तडकाफडकी काढलं होतं.

“नोटीस पाठवा!”

तिसरा माणूस घाबरत म्हणाला, “साहेब, मलाच नोटीस आलीय.”

मामा गडबडले. “मग... त्या नोटिशीला नोटीस पाठवा!”

तो डोकं खाजवत बाहेर गेला आणि खाली मान घालून ताई आत आली. “साहेब, माझं शिवणाचं दुकान...” तिनं वर पाहिलं. “मेल्या, तू? आणि गिऱ्हाइकाचा कोट!”

तेवढ्यात दार उघडून खुद्द वकीलबाई दारात! “माझ्या खुर्चीत कोण बसलंय? आणि हा... हा माझा कोट!”

मामा ताडकन उठले. टर्रर! कोट काखेत उसवला.

“बाई, तुम्ही इथे?” ताईला काही उमगेना.

“आठवड्यातून एकदा मी इथे फुकट काम करते. आज कोट घ्यायला तुमच्याकडे गेले, म्हणून उशीर झाला. तिथे एक गृहस्थ शटरला कुलूप घालत होते. म्हणाले, ‘कोट विसरा! उघडं टाकून गेले, आता दुकान माझं!’”

ताईनं टेबलाचा आधार घेतला. मामांचा हात खिशातल्या कुलपावर गेला. बहिणीच्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांना खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“रडू नका,” वकीलबाई म्हणाल्या. “कोर्टाचा हुकूम नसताना कुलूप घातलं, तेही वकिलाच्या डोळ्यांदेखत! इथलं आटपलं की लगेच निघू. फी-बी काही नाही.”

ताईनं डोळे पुसले. “काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सांगत होते ना, बाईंना विचारू म्हणून?”

“पण बघ,” कोट उतरवता उतरवता मामांना वाचा फुटली, “मी उघडं टाकलं म्हणूनच तर तो सापडला! मी तेव्हाच...”

बाहेर गलका उठला. हा वकील नव्हताच, ही बातमी रांगेत पोचली होती. “कुठाय तो नोटीसवाला?”

ताईनं आपलं टोकन मामांच्या हातात कोंबलं. “बस रांगेत! आता मोफत वकील तुलाच लागणार आहे.”

फाटकी पाठ भिंतीला चिकटवून मामा बाकावर टेकले. शेजारी नेमके काठीवाले आजोबा. मामांनी हळूच विचारलं, “आता मी काय करावं हो?”

आजोबांनी काठी जमिनीवर आपटली.

“नोटीस पाठवा!”