होळवाड्यातले चिरूट

स्कॉटलंडमध्ये कायदा शिकून परतलेल्या पद्मजा चौगुलेला वाटलं होतं की होळवाड्याच्या ग्रामसभेत हात वर केला की बोलता येईल; पण होळवाड्यात माणसाचा आवाज त्याचा चिरूट जळेपर्यंतच टिकत होता.

सभेत प्रत्येकासमोर पितळेची ताटली असे आणि ताटलीत त्याला मंजूर झालेला चिरूट. तो कुणी ओढत नसे. माणूस बोलायला उठला की शिपाई चिरूट पेटवी. त्याची राख झाली की बोलणाऱ्याचा आवाज बंद होई, तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच परत येई. तंबाखूचं गाव होतं, कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

चिरुटांचे आकार ते वळणारे तवनाप्पा मगदूम ठरवत. सरपंच बाबगोंडा पाटलांना त्यांनी दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे पोट सुटलेला चिरूट दिला होता. तो सावकाश पेट घेई, मधे रेंगाळे आणि संपता संपत नसे. सोसायटीच्या चेअरमनचा सरळसोट, मनगटाएवढा. हेडमास्तरांचा टोकदार, कारण त्यांनी मुद्द्याचंच बोलावं अशी अपेक्षा होती. जाडी मोजायला तवनाप्पांकडे बांगड्या आणि अंगठ्या होत्या. पुरुषांचे चिरूट बांगडीतून जात, बायकांचे अंगठीतून. पद्मजाचा करंगळीच्या अंगठीतून गेला आणि बाजूला जागाही उरली.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. येत्या सभेत बालवाडीची खोली काढून घेऊन तिथे तंबाखूची पानं मुरवायला ठेवायची, असा घाट होता. मुलांनी देवळाच्या पायऱ्यांवर बसावं, असं सरपंचांचं म्हणणं. बालवाडीच्या शेवंताबाई कांबळे पद्मजाकडे मोठ्या आशेने आल्या होत्या. त्यांचा स्वतःचा चिरूट ‘माननीय सरपंच’ म्हणेपर्यंतच विझत असे.

पद्मजा तवनाप्पांच्या ओट्यावर जाऊन भांडली. माणूस तितके आवाज आणि सगळे आवाज सारखे, हे तिने त्यांना नाना परींनी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमकं काय हवंय ते विचारलं. तिने सरपंचांच्या चिरुटाइतकी लांबी मागितली. त्यांनी ती तिथल्या तिथे मंजूर केली.

सभेत तिच्या ताटलीत मंजूर झाला तेवढाच लांब चिरूट होता, पण उदबत्तीसारखा बारीक. पान पहिल्याइतकंच, फक्त लांबवून वळलेलं. तो फटाक्याच्या वातीसारखा सरसरत गेला.

“बालवाडीची खोली मुलांची आहे,” पद्मजा म्हणाली, “आणि मुलं आपल्या सगळ्यांची आहेत, तेव्हा...”

तिचे ओठ हलत राहिले, आवाज येईना.

अर्धवट राहिलेलं वाक्य ज्याचा चिरूट पेटता असेल त्याने पुरं करावं, असा सभेचा नियम होता. सभा सुरू करताना पेटलेला सरपंचांचा चिरूट नुकता कुठे पोटापर्यंत आला होता. ते सावकाश उठले.

“तेव्हा खोलीही आपल्या सगळ्यांची आहे,” ते म्हणाले. “तिच्यात पानं मुरवावीत.”

ठराव मंजूर झाला आणि मांडणारी म्हणून पद्मजाचं नाव लागलं. तिने संतापून टेबलावर हात आपटले, ते टाळ्यांत धरण्यात आले. बाहेर पडताना सरपंचांनी तिचं कौतुक केलं. पहिल्याच सभेत ठराव मांडणं तिच्या वडलांना जन्मात जमलं नव्हतं, असं ते म्हणाले.

घरी आत्ती, तिच्या वडलांची बहीण, वाटच बघत होती. आत्तीने सभेत आपला चिरूट कधी पेटवलाच नव्हता. गव्हाला कीड लागू नये म्हणून ती सगळे चिरूट पोत्यांत खुपसून ठेवी. त्यामुळे तिचा आवाज शाबूत होता, आणि तो तिने भाचीवर काढला.

“लांबी मागायला कुणी सांगितलं होतं गं तुला? बारीक काटकी भुरकन जाते, बुंधा दिवसभर जळतो. तिकडं चुली नव्हत्या काय?”

मग तिने जवळ बसवून सांगितलं. मांडलेला ठराव मांडणाऱ्यालाच मागे घेता येतो, पण पुढच्या सभेत बोलून. त्याला जाड चिरूट हवा. तीन बायकांचे बारीक चिरूट ओले असतानाच एकमेकांत पिळले तर तवनाप्पांना तो एकच धरावा लागतो आणि तो कुणाही सरपंचाला पुरून उरतो. मात्र त्या तिघींचा आवाजही मग जन्मभरासाठी एकच होतो. एकीला बोलायचं तर तिघींनी बोलायचं. असा पीळ आजवर कुणी मागितला नव्हता.

“दोन जावांचं आमटीच्या मिठावर पटत नाही,” आत्ती म्हणाली, “जन्माचा एक आवाज कुठनं यायचा?”

सकाळी आवाज परत आला. पद्मजाने पहिली हाक आत्तीला मारली आणि मग शेवंताबाईंना घरून बोलावून घेतलं. तिघी पीळ मागायला तवनाप्पांच्या ओट्यावर गेल्या. तिथे पुढच्या सभेचे चिरूट नुकतेच वळून ओल्या फडक्यात ठेवलेले होते.

“पीळ सुटत नाही,” तवनाप्पा म्हणाले. “बाजारात वांग्याचा भाव विचारायचा झाला, तरी तिघींनी मिळून विचारायचा. एकटीनं भांडायचं नाही, एकटीनं रडायचं नाही.”

पद्मजाची वकिलीची सनद एकटीची होती. कोर्टात तिघींना एकदम उभं राहू देतात का, हे तिला ठाऊक नव्हतं. आवाज ज्याचा त्याचा असतो, हेच तर ती इतक्या लांब जाऊन शिकून आली होती. तिने शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. आत्तीने मान डोलावली, मग त्यांनीही.

पद्मजाने स्वतःचा चिरूट उचलून तवनाप्पांच्या तळहातावर ठेवला.

“पिळा,” ती म्हणाली. एकटीच्या आवाजातलं तिचं ते शेवटचं बोलणं.