दोघांचा एक साप

वसईजवळच्या गिरीज गावात आमच्या शेजारी राहणारे बस्त्यावकाका रोज संध्याकाळी बायकोवर ओरडतात आणि विषय नेहमी साप असतो.

"मार्था, वळव! भिंत आली! मारलास बिचाऱ्याला!"

"तुम्हीच मारलात," मार्थाकाकूंचे अडखळते, पण ठाम उत्तर.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी काठी घेऊन धावलो. साप सापडला तो बटणांच्या जुन्या फोनमधल्या खेळात, ठिपके खात लांब होत जाणारा. म्हातारपणीचे खेळणे, असे मानून मी मनात हसलो. असे हसणे मला फार लवकर येते.

नातवाने दिलेला नवा फोन काकांनी फळीवर ठेवला आहे. "त्यात सगळं हाय, पण बोटाला काय लागत नाय." केळीच्या वाडीपासून निवडणुकीपर्यंत सर्व प्रश्नांवर त्यांचे एकच भाष्य असते : "जास्त ठिपके खाल्ले की आपलीच शेपूट आडवी येते." एका लग्नात मी तिसऱ्यांदा तळलेले गोडसर फुगे पानात वाढून घेत होतो, तर मागून आवाज आला, "शेपूट सांभाळा, मास्तर!"

अलीकडे त्या फोनचे सहाचे बटण निकामी झाले. काका आणि मी विरारची दुकाने पालथी घालत होतो. एक दुकानदार म्हणाला, "काका, इसको म्यूझियम में दे दो."

"देतो. पण आधी हिचा हात बरा होऊ दे."

मी गोंधळून पाहिले. काकूंना गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, हे मला ठाऊक होते. पुढचे कधी विचारले नव्हते.

"डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो हिनं कोंबड्यांवर फेकला. सापाला मात्र बसते. डावं-उजवं तिचं, वर-खाली माझं. एकट्याला लागोपाठ दोनदा वळताच येत नाय. अंगठा हलत नाय म्हणून मूठ आपटते, त्यानं बटण गेलं. अंगठा आला की चमचा धरेल, मास्तर. भरवून घ्यायला लाजते ती."

शेवटी एका दुकानात अडगळीतून बटणे मिळाली. त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. साप वर चालला होता. काकूंनी मूठ उचलली, थांबल्या, आणि थरथरता अंगठा सहावर टेकवला. बटण दबले. साप उजवीकडे वळला.

आता पाळी काकांची होती. साप सरळ जाऊन भिंतीवर आपटला.

"लक्ष कुठं हाय तुमचं?" काकू कडाडल्या.

 काका काकूंच्या अंगठ्याकडे पाहत होते.