चौदा माणसांचं घर

आपल्याला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं दत्तप्रसादचं ठाम मत होतं. सिडनीच्या टूनगॅबीतल्या मराठी मंडळींत कुणाला टॅक्स ऑफिसच्या नावाने धमकीचा फोन आला की त्याचं निदान दत्तप्रसादच करायचा. लॉकडाऊनमध्ये असल्या फोनांचा सुळसुळाट झाला आणि दत्तप्रसादचा भाव वधारला. हळूहळू त्याला खरे फोनही खोटे वाटू लागले. डेंटिस्टच्या रिसेप्शनिस्टला त्याने एकदा तिच्याच दवाखान्याचा पत्ता विचारून घाम फोडला होता.

अशा माणसावर नेमकी घर सोडायची पाळी आली.

झालं होतं असं. चित्राचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, आईवडील पुण्याहून यायचे होते. त्यांच्यासाठी मागची खोली सजवली आणि बॉर्डर बंद झाली. तेवढ्यात भारतात परत निघालेल्या दोन मित्रांनी आपापल्या बिऱ्हाडातल्या सगळ्या गाद्या याच खोलीत आणून टाकल्या. मग घराच्या एजंटने व्हिडिओ कॉलवर इन्स्पेक्शन घेतलं आणि त्याला छतापर्यंत गेलेली गाद्यांची चळत दिसली. मालकाने तर्क लढवला, की हा भाडेकरू गुपचूप स्टुडंट ठेवतोय. घर दोघांना दिलेलं, राहतायत डझनभर! त्याने सरळ ट्रायब्युनलकडे, म्हणजे भाड्याच्या तंट्यांच्या कोर्टाकडे, घर खाली करून मागितलं. लॉकडाऊनमध्ये दुसरं घर बघायला जायचीही चोरी. चित्राचा जीव तर त्या मागच्या खोलीतच अडकला होता.

तिने युनिच्या लॉ क्लिनिककडे अर्ज केला. तिथे कायद्याचे विद्यार्थी प्रोफेसरांच्या देखरेखीखाली खऱ्या लोकांच्या खऱ्या केसेस लढवतात, तेही फुकट, हे तिने नवऱ्याला नीट समजावून सांगितलं.

“फुकट वकील?” दत्तप्रसाद म्हणाला. “मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी चित्रा वृद्धांच्या एज्ड केअर होममध्ये शिफ्टला गेली आणि प्रायव्हेट नंबरवरून फोन आला. मुलगी म्हणाली, मी मीनाक्षी, लॉ स्कूलमधून. नाव आपल्याकडचं आणि उच्चार अस्सल ऑस्ट्रेलियन! कॉल सेंटरवाल्यांचं ट्रेनिंग हल्ली फार सुधारलंय, असं मनात म्हणत दत्तप्रसाद सरसावून बसला. मागे कुकरची शिट्टी झाली. कुठल्या वकिलाच्या ऑफिसात कुकर असतो? ती जवळच्याच गिरावीनला आईवडिलांच्या स्वयंपाकघरात बसून ऑनलाइन क्लिनिक चालवत होती, हे त्या बिचारीने सांगितलंही. पण दत्तप्रसादने ते चोराचं स्पष्टीकरण म्हणून ऐकलं.

मग तिने विचारलं, “मिस्टर करंदीकर, तुमच्या घरात एकूण किती माणसं राहतात? आणि दिवसा घरी कोण असतं?”

दत्तप्रसादच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही तर दरोड्याची टेहळणी! घरात दोनच माणसं आणि दोघंही शिफ्टला, असं सांगायला तो काय खुळा होता?

“चौदा,” तो म्हणाला. “त्यात तिघं पैलवान आहेत. घर कधीच रिकामं नसतं, पाळीपाळीने झोपतो आम्ही.”

पलीकडे बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग मीनाक्षी चाचरत म्हणाली, की यामुळे केस जरा अवघड होईल, मी सुपरवायझरना जोडते. खोट्या फोनमध्ये असा एक सीनियर ऑफिसर येतोच, हे दत्तप्रसादला पाठ होतं. प्रोफेसरबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने पैलवानांचा खुराकही सांगून टाकला.

आरव्होला, म्हणजे दिवस कलल्यावर, चित्रा दमून घरी आली तेव्हा त्याने तिला ही शौर्यकथा अभिनयासकट ऐकवली. चित्राने त्याला मधेच थांबवलं.

“अरे, मालकाची केस हीच आहे ना? ती तू आपल्याच वकिलाला सिद्ध करून दिलीस.”

दत्तप्रसादने लगेच क्लिनिकला फोन लावला आणि आपण दोघंच राहतो, असं गयावया करून सांगितलं. पण आता संशय घ्यायची पाळी मीनाक्षीची होती. कोर्टापुढे खोटं मांडायची आम्हाला परवानगी नाही, ती म्हणाली. दुपारी चौदा आणि संध्याकाळी दोन, तर बाकीचे बारा गेले कुठे? तिने ताबडतोब व्हिडिओवर घर दाखवायला सांगितलं.

दत्तप्रसादने फोन धरून सगळं घर पालथं घातलं. कपाटं उघडली, पलंगाखाली वाकला, गराजमधल्या गाडीची डिकी दाखवली. मीनाक्षी म्हणाली, वॉशिंग मशीनच्या मागेही दाखवा. शेवटी मागची खोली आली. गाद्यांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. एका पलंगावर मात्र इस्त्रीची चादर होती आणि उशाशी नवी शाल.

“हे कुणाचं?” मीनाक्षीने विचारलं.

“आईबाबांचं,” चित्रा म्हणाली. “तिकिटं सारखी रद्द होतायत. चादर मी दर रविवारी बदलते.”

मीनाक्षीने मग आणखी काही दाखवायला सांगितलं नाही. तिची स्वतःची आजीही चेन्नईत अडकली होती. प्रोफेसरबाईंचा विश्वास बसायला मात्र शेजाऱ्यांचा जबाब लागला.

सुनावणी फोनवरच झाली. मीनाक्षीचा आवाज आधी थरथरला, मग असा लागला की एजंटला धड वाक्य पुरं करता येईना. शेवटी लाइनवर लहान मूल रडायला लागलं आणि एजंट ओरडला, ऐका, यांच्या घरात पोरंही आहेत! दत्तप्रसादने डोळे मिटले. घर गेलंच आता.

“तो माझा नातू आहे,” न्यायाच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले आणि थोड्या वेळाने त्यांनी मालकाचा अर्ज फेटाळला. चित्रा मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडली.

आठवड्याभराने प्रोफेसरबाईंचा फोन आला. पुढच्या सेमिस्टरला विद्यार्थ्यांच्या सरावासाठी त्यांना एक नकली अशील हवा होता, वकिलाशी धडधडीत खोटं बोलणारा. नट बोलावून पाहिले, पण ते पकडले जातात, त्या म्हणाल्या; तुमचं मात्र अगदी आतून येतं.

दत्तप्रसादने काम पत्करलं. पुण्याला थोरल्या भावाला त्याने कळवलंय, की मी हल्ली युनिव्हर्सिटीत लॉ शिकवतो.