पाचवं उत्तर

मास्तरांनी ज्या पत्राला उत्तर दिलं नाही, ते त्यांना आवडलं नव्हतं असं मुळीच नाही. उलट फार आवडलं होतं. त्यांनी ते परत परत वाचलं, जाड कागद बोटांनी चाचपून पाहिला आणि वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवला. मग बायकोला, म्हणजे काकूंना, ऐटीत सांगितलं, की या पत्राला उत्तर द्यायची गरजच नाही. न देणं हेच त्याचं उत्तर आहे.

पत्र त्यांच्या जुन्या कंपनीचं होतं. कंपनी लिफ्टची देखभाल करायची आणि मास्तर तिथून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. आता म्हणे तिथे नवी पद्धत आली होती. कुणाला बढती द्यायची तर त्याच्याबरोबर काम केलेल्या पाच जणांना आधी विचारायचं. विभागप्रमुखाच्या जागेसाठी सुतळीचं नाव पुढे होतं. तिला या पदावर नेमावं का, एवढाच प्रश्न होता.

सुतळी हे तिचं खरं नाव नव्हे. ती कामाला लागली तेव्हा लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरणारी ती पहिलीच बाई, आणि गणवेश सगळे पुरुषांच्या मापाचे. पहिल्या दिवशी ती पॅन्ट कमरेला सुतळीने बांधून आली आणि कुणी हसायच्या आत शिडी चढून गेलीसुद्धा. पुढे तिने बायकांच्या मापाचे गणवेश शिवून घ्यायला लावले, कपडे बदलायला खोली मिळवली, लिफ्ट बंद पडायच्या आधीच खबर देणारी यंत्रं बसवून घेतली. कमरेची सुतळी केव्हाच सुटली, नाव मात्र चिकटून राहिलं.

सुतळी मास्तरांच्याच हाताखाली शिकली, आणि मास्तरांची शिकवायची रीत वेगळी होती. तोंडाने शाबासकी द्यायची म्हणजे भर चौकात उभं राहून गाणं म्हटल्यासारखं त्यांना वाटे. कुणी लिफ्ट दुरुस्त केली की ते यायचे आणि एक तर प्रश्न विचारायचे, नाही तर मुकाट्याने आत पाय ठेवायचे. प्रश्न आला की काम नापास. मुकाट्याने चढले की पास. सुतळीच्या लिफ्टमध्ये ते इतक्या वेळा मुकाट्याने चढले होते, की आता पत्राबाबतही मुकाट राहणं यापेक्षा मोठी शिफारस ती कोणती?

काकूंना हे पटलं नाही. “तुमच्या न बोलण्याचा अर्थ लावण्यात माझी निम्मी हयात गेली,” त्या म्हणाल्या. “ती कंपनी तेवढी थांबणार आहे का?”

कंपनी थांबली नाही. एका संध्याकाळी सुतळीचा फोन आला, तोही काकूंना. चार उत्तरं आली होती, पाचवं नव्हतं. आणि नव्या नियमाप्रमाणे उत्तर आलं नाही म्हणजे त्या माणसाला शंका आहे असं धरत. मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती. सुतळीने आधी तब्येतीची चौकशी केली, मग हवापाण्याची, आणि मग हळूच म्हणाली, “काकू, मास्तरांनाच भरवसा नसेल तर मी नाव मागे घेते. त्यांनी कधी उगाच कुणाला नापास केलं नाही.”

काकूंनी फोन मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी तापलेल्या इस्त्रीकडे पाहावं तसं फोनकडे पाहिलं. त्यांचा घसा खाकरून होईस्तोवर तिकडून फोन ठेवला गेला होता.

मग ते लिहायला बसले. ‘चांगली आहे’ लिहिलं आणि खोडलं. चांगली तर हवाही असते. ‘उत्कृष्ट’ लिहिलं, ते शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं वाटलं. ‘माझ्यापेक्षा सरस’ लिहिलं आणि विचारात पडले, की मी असा कोण मोठा लागून गेलो? माझ्यापेक्षा सरस तर कुणीही असेल! टोपली भरली, कागद कोराच राहिला. शेवटी त्यांनी ठरवलं, की सकाळी स्वतः जाऊन सांगून यायचं. दोन मिनिटांचं तर काम.

निवृत्तीनंतर ते त्या इमारतीत पाऊल टाकत होते ते पहिल्यांदाच. आत गेले आणि ज्या कामासाठी आलो तेच विसरले. भिंतीच नव्हत्या! कुणी उभ्याने काम करत होतं, कुणी पोत्यासारख्या खुर्चीत असं रुतलं होतं की नुसते गुडघे दिसत होते. जिथे पूर्वी साहेबांची खोली होती तिथे पाळणाघर झालं होतं. आतून येणारा आरडाओरडा मात्र साधारण तसाच होता. एका टेबलाच्या कडेला बटण दिसलं. मेकॅनिकचा हात तो, राहतोय कुठला? त्यांनी दाबून पाहिलं. टेबल सावकाश वर जाऊ लागलं आणि तिथे टाइप करत बसलेल्या बाई काम न थांबवता टेबलाबरोबर उठून उभ्या राहिल्या.

मास्तर लगबगीने काउंटरकडे सरकले. तिथल्या बाईंनी विचारलं, मुलाखतीसाठी का? हो म्हणाले. कोणतं पद? विभागप्रमुख. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. काम सोडून किती दिवस झाले? बरीच वर्षं. मग काय, घरीच होतात? घरीच. हे ऐकून बाईंचा चेहरा एकदम निवळला. घरच्या जबाबदारीमुळे नोकरीत खंड पडलेल्यांसाठी कंपनीची खास योजना होती. आजवर तिच्यातून फक्त बायका आल्या होत्या. घर सांभाळून परत येणारे पुरुष हे पहिलेच! बाईंनी त्यांचं अभिनंदन केलं आणि छातीवर ‘उमेदवार’ अशी चिठ्ठी चिकटवली. मास्तरांना खुलासा करायचा होता, पण एवढ्या आनंदात असलेल्या बाईंचा हिरमोड करणं त्यांच्या जिवावर आलं.

ते बाकावर जाऊन बसतात न बसतात तोच लिफ्ट उघडली आणि सुतळी बाहेर आली. ती त्यांच्याकडे बघून हसली. मग तिची नजर छातीवरच्या चिठ्ठीकडे गेली आणि हसू अर्ध्यावरच थांबलं. मास्तर उठले, पण तेवढ्यात आतून बोलावणं आलं आणि काउंटरवरच्या बाईंनी त्यांना प्रेमाने आत ढकललं.

आत दोन गृहस्थ आणि मधल्या खुर्चीत एक बाई. पहिला प्रश्न, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की छातीत यंत्र बसवलंय, डॉक्टरांनी त्याची हमी तेवढीच दिलीय, तेव्हा बघू. दुसरा प्रश्न, तुमच्यातली उणीव कोणती? मास्तरांचा चेहरा खुलला. त्यांच्या आवडीच्या विषयावर त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. ते बोलू लागले आणि लिहून घेणाऱ्या गृहस्थांना जादा कागद मागवावे लागले.

“मग इतरांपेक्षा तुम्हीच का योग्य?” मधल्या बाईंनी विचारलं.

“मी योग्य नाहीच,” मास्तर म्हणाले. “योग्य ती बाहेर बसलीय. मी उमेदवार नाही हो बाई. मी पाचवं उत्तर आहे.”

मग जे कागदावर उतरत नव्हतं ते सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. बोलणं ग्राह्य धरू, पण फाईलला कागद लागतो, तेवढं सवडीने टपालाने पाठवा, असं त्या म्हणाल्या आणि सुतळीला बोलवा म्हणून सांगितलं.

सुतळी बाकावर नव्हती. ती लिफ्टपाशी उभी होती.

“तुम्हाला ही जागा हवी होती तर सांगायचं ना, मास्तर,” ती म्हणाली. “मी अर्जच केला नसता.”

लिफ्ट आली. ती आत गेली. मास्तरांनी नेहमीसारखा मुकाट्याने आत पाय ठेवला. सुतळीने दार हाताने अडवून धरलं.

“आज तसं नाही चालणार. आज तोंडाने सांगा.”

मास्तरांचे कान लाल झाले. “मला शंका नाही,” ते बुटांकडे बघत म्हणाले. “कधीच नव्हती. तुझी वाट बघतायत ते, जा.”

“मला माहीत होतं,” सुतळी म्हणाली. “पण माहीत असून भागत नाही ना दर वेळी.” आणि ती मुलाखतीला गेली.

काही आठवड्यांनी कंपनीचं दुसरं पत्र आलं. काउंटरवरच्या बाईंनी मास्तरांचं नाव इतक्या उत्साहाने नोंदवलं होतं, की ते कुणाला पुसता आलं नव्हतं. आपल्या अर्जाचा आम्ही गांभीर्याने विचार केला, मात्र या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, निराश होऊ नये, असं छापलेलं होतं. खाली नव्या विभागप्रमुखांची सही होती. सुतळीची. आणि सहीखाली हाताने लिहिलं होतं, ‘मागच्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. फाईल अडली आहे.’

मास्तर त्याच दुपारी लिहायला बसले आणि काकूंचा चहा उकळायच्या आत उठलेसुद्धा. काकूंनी कागद ओढून पाहिला. वर तारीख, खाली सही आणि मध्ये नुसतं ‘हो’.

“यासाठी एवढे दिवस?” काकू म्हणाल्या.

मास्तरांनी कागद घडी करून पाकिटात घातला. दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली. पाकीट अर्धं आत गेल्यावर मास्तरांचा हात थबकला.

“अगं, ‘हो’ जरा जास्तच ठाम नाही ना वाटत?”

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पाकिटाला बोटाने एक टिचकी मारली.