वैरागड्यांची पांढरी टोपी

आमच्या समोरचे वैरागडे घरात टोपी घालून बसत. साधी टोपी नव्हे हो. रुंद काठाची, डोक्यावर मधोमध खळगा पडलेली, घोडेस्वारांची पांढरी टोपी. जेवताना टोपी, वर्तमानपत्र वाचताना टोपी, देवापुढे टोपी. महाराष्ट्र मंडळाच्या सत्यनारायणाला गुरुजींनी दबकत विचारलं, "ही काढायची का?" तर म्हणाले, "काहून? पूजेला डोकं झाकायचंच असते ना बाप्पा!" गुरुजींनी पोथी उघडली. आठवडाभर ते सॉफ्टवेअरमध्ये असतात. वाद घालायची सवय त्यांना ऑफिसात आहे, पाटावर नाही.

आमचे हे गेले आणि मी कराडहून मुलाकडे एडमंटनला राहायला आले. पहिल्याच आठवड्यात, उणे तीस की काय ते होतं, समोरून एक गृहस्थ ओरडले, "घोड्याला तोबरा लावला का जी?" मी सुनेकडे बघितलं. मनाली म्हणाली, "आई, ते गाडीबद्दल विचारतायत. प्लग इन केली का म्हणून." इथे थंडीत गाडीचं इंजिन गोठतं, म्हणून गाडीच्या नाकाडातून लोंबणारी वायर रात्रभर भिंतीतल्या विजेला जोडून ठेवतात. एकदा सांगितल्यावर मलाही तो घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधावी तसा तोबराच दिसायला लागला. तर हे वैरागडे.

मूळचे नागपूरचे. लहानपणी तिकडे एका थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी घोड्यांची पिक्चरं लागत. मोठी, नावाजलेली नव्हेत. तासाभराची, चार दिवसांत उरकलेली, एकाच हिरोची दहा-बारा. मुख्य पिक्चरच्या आधी पोटाला आधार म्हणून दाखवायची. वैरागड्यांना त्या आधाराचंच जेवण झालं. पुढे ड्राफ्ट्समन झाले. कॅनडातून नोकरीची दोन पत्रं आली, एक हॅलिफॅक्सचं आणि एक एडमंटनचं. हॅलिफॅक्सला समुद्र. "समुद्रावर घोडे कसे पळतील?" म्हणून हे इकडे आले आणि तीस वर्षं तेलाच्या पाइपांचे सांधे कागदावर काढत बसले. घोडा जवळून पाहिला तो एका जत्रेत. घोडा शिंकला. यांनी त्याला नमस्कार केला आणि मागच्या पावली परत आले. टोपी मात्र त्याच जत्रेत घेतली.

मनाली सांगायची, "आई, पूर्वी ती टोपी नुसती खुंटीवर असायची. डोक्यावर चढली ती आत्ता, दोन वर्षांत. रिटायर्ड माणसांना काहीतरी फेज येतेच." मला ते पटलं. आमच्याकडे एकाला म्हातारपणी बासरीची फेज आली होती. सगळी आळी सोसत होती.

रविवारी दुपारी दोनला वैरागड्यांच्या बेसमेंटमध्ये मॅटिनी असे. व्हिडिओची दुकानं बंद पडायच्या त्या दिवसांत कुठल्याशा दुकानाच्या टोपल्यातून त्यांनी एकेका डब्यात पन्नास पिक्चरं असलेले संच आणले होते. नावं मला कधी लक्षात राहिली नाहीत. नावात खिंड असे, नाहीतर नदी, नाहीतर सूड. मी जाऊ लागले ती खरं तर चिवड्यासाठी. नागपुरी चिवड्याला तोड नाही.

वैरागडे आधीच सगळं सांगून टाकत. "आता तो दगड येऊन राहिला पहा." येई. प्रत्येक पिक्चरमध्ये तोच दगड, हत्तीच्या पाठीसारखा, आणि त्याच्यामागे दरोडेखोर. "आता हा मिशीवाला मरते. मागच्या रविवारीही मेला होता." मरे. घोड्यावरून तस्साच पडे, डावा हात वर करून. त्याचं नाव आम्ही चिरंजीव ठेवलं.

"पिक्चर बदलतं आणि घोड्यांची दौड तीच कशी हो?" मी एकदा विचारलं.

"जुनी दौड नवीन पिक्चरला जोडतात ना! कोणाले कळते? म्हणून तर हिरोचा शर्ट बाराही पिक्चरमध्ये एकच. शर्ट बदलला की जोड उघडी पडते."

मला ते लोक एकदम आपलेसे वाटले. ही तर फोडणीची पोळी! कालची उरलेली आज कुस्करून, मोहरी-कांद्यावर परतून पुढ्यात. आणि वैरागड्यांचा शर्टही बारा महिने तोच होता, लाल-काळ्या चौकड्यांचा. मी मनात म्हटलं, हा माणूस तो कधी धुवायला टाकतो, देव जाणे.

शेवटी हिरो जिंकला की ते मांडीवर थाप मारून म्हणत, "पंचावन्न मिनिटांत न्याय! आमच्या काकांचा विहिरीचा दावा तेवीस वर्षं चालला. विहीर आटली पण निकाल नाही."

वसुधावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, शेजारच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसायच्या. बोलायच्या फार कमी. पडद्यावर नवा माणूस आला की मात्र बोट दाखवून सांगायच्या, "हा चांगला." नाहीतर, "हा वाईट." कधी चुकल्या नाहीत. त्यात काय चुकायचंय म्हणा. चांगल्याची टोपी पांढरी, वाइटाची काळी. लग्नं जमवतानाही अशी सोय असती तर निम्म्या मुली सुखी झाल्या असत्या.

माझं आणि त्यांचं काही जमलं नाही. मी आले की त्या चिवड्याची वाटी उचलून आपल्या बाजूला ठेवायच्या. पर्स पाठीमागे लपवायच्या. एकदा तर मी पायऱ्या उतरताना मोठ्याने म्हणाल्या, "ही आली परत." वैरागडे घाईघाईने म्हणत, "थकलीय ती. मनावर नका घेऊ." पण मी घेतलंच. पहिल्या वर्षी मी त्यांच्या तिळाच्या वड्या दाताला चिकटतात असं म्हटलं होतं, त्याचा राग असेल असं धरून चालले. माझा कोट काळा, लोकरीची टोपी काळी, मफलर काळा. सगळं मळखाऊ बघून घेतलेलं. त्या कपड्यांचा याच्याशी काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मला डाचत होती ती वैरागड्यांची टोपी. एवढा शिकलेला, सज्जन माणूस, आणि मंडळात सगळे त्यांना मागून 'शेरीफ' म्हणून हसायचे. दिवाळीच्या कार्यक्रमात फोटो काढणारा म्हणाला, "अंकल, विदाऊट हॅट वन?" तर हे वहिनींचा हात धरून म्हणाले, "नाही." त्यातून ती टोपी काठाला पिवळी पडलेली, तेलकट. मी पणच केला की हिला या डोक्यावरून उतरवायची.

एकदाच ते मला बोडक्याने दिसले. ग्रोसरीच्या दुकानात, एकटे, कांदे निवडताना. टक्कल चकाकत होतं.

"अगंबाई! आज टोपी कुठे?"

"आज ड्युटी नाही," ते म्हणाले आणि कांदा नाकाशी धरून वास घेत पुढे गेले.

त्या जानेवारीत त्यांना पंच्याहत्तरावं लागत होतं. मी मंडळात ठराव मांडला: वैरागड्यांना नवी टोपी द्यायची. तोच प्रकार हवा तर तोच, पण स्वच्छ. मनालीला घेऊन मी दुकानात गेले. पांढरी होती तिथे, नाही असं नाही. पण पांढरं म्हणजे महिन्यात परत तीच कळा. मनालीही म्हणाली, "आई, ब्लॅक घ्या, ब्लॅक सगळ्यावर जातो." शिवाय द्यायची होती संक्रांतीला. संक्रांतीला काळं हे का तुम्हाला सांगायला हवं? घेतली काळी. मऊ, रेशमासारखी. माझ्या निवडीचं मलाच कौतुक वाटलं.

वैरागडे आदल्या दोन वर्षांपासून सांगत होते, "संक्रांतीचं आमच्याकडे राहू द्या बाप्पा." मी म्हटलं, भिडस्त आहेत. आपणच जाऊन सरप्राइज देऊ. इथे सगळे सण रविवारीच येतात, त्याप्रमाणे संक्रांतही रविवारी दुपारी आली. आम्ही सात बायका चंद्रकळा नेसून, वर काळे कोट घालून, आणि गाडी चालवायला आणलेले दोन नवरे काळ्या जॅकेटांत, असे नऊ जण त्यांच्या दारात उभे राहिलो. बर्फात आम्ही इतके उठून दिसत होतो की मलाच मजा वाटली.

दार वैरागड्यांनी उघडलं. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला.

"सगळे? आज?"

"सरप्राइज!" मनाली ओरडली.

ते दारातून हलेनात. मी त्यांच्या काखेखालून आत शिरले. "वाका जरा. वाढदिवसाच्या माणसाने नाही म्हणायचं नसतं."

"शालिनीताई, नका, ऐका माझं..."

मी कशाची ऐकते! हात वर करून ती पिवळट टोपी उचलली, मनालीच्या हातात दिली आणि नवी काळी त्यांच्या डोक्यावर ठेवली. अगदी मापाची बसली. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात वसुधावहिनी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. मग वैरागड्यांकडे.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. "इथे एक पांढऱ्या टोपीवाले असतात. त्यांना काय केलंत?"

आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसलो. कोणीतरी म्हणालं, "वा वहिनी, तुम्हालाही लागण झाली म्हणायची!" आणि परत टाळ्या.

वहिनी भिंतीला हात लावून मागे सरकत होत्या. त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज यायला लागला, मांजराचं पिल्लू अडकल्यासारखा. तेव्हा आमचं हसणं थांबलं. वैरागड्यांनी काळी टोपी फेकून दिली, मनालीच्या हातून पांढरी हिसकावली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर दाबली.

"मी आलो. आलो ना बाप्पा! इथेच होतो."

वहिनींनी बघितलं. मग झटकन त्यांच्या चौकड्याच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांच्या पाठीमागे लपल्या. तिथून डोकावून आमच्यावर लक्ष ठेवून राहिल्या.

"टोळी चालली आता," वैरागडे हळूच म्हणाले. "पहा, चाललीच." आणि आमच्याकडे हात जोडले.

आम्ही निघालो. दोघींनी तर बूट हातात घेऊनच बर्फात पाय टाकला. तिळगूळ तसाच टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैरागडे आमच्याकडे आले. बोडक्याने. घरी मदतनीस बाई आली होती, तेवढा वेळ मोकळा. हातात माझा तिळगुळाचा डबा. त्यात बेदाणे भरलेले. "रिकामा डबा परत द्यायचा नसते, असं वसुधा म्हणायची," ते म्हणाले, आणि वर मलाच म्हणाले, "सॉरी."

मी चहा ठेवला.

"आधी गावांची नावं विसरली," ते म्हणाले. "मग मुलाचं. दोन वर्षांखाली दिवाळीत मला म्हणाली, 'तुम्ही केव्हा जाणार?' पाहुणा समजली मला. बोलाचालीला चांगली, पण रात्री आत येऊ देईना. मी सोफ्यावर. एक दिवस काही सुचेना म्हणून खाली पिक्चर लावला, तर हिला बरोब्बर कळे, चांगला कोण, वाईट कोण. म्हणाली, 'तो पांढऱ्या टोपीवाला घरात असला की मला भीती नाही.' मी वर गेलो अन् खुंटीवरची टोपी काढली."

"आणि शर्ट?"

"सहा आहेत, सारखे. शर्ट बदलला की जोड उघडी पडते."

मी कपात साखर घातली की नाही ते विसरले आणि परत घातली.

"सांगायचं नाही का हो कोणाला?"

"सांगितलं असतं तर लोकांनी तिच्याकडे पाहिलं असतं. टोपी घातली तर माझ्याकडे पाहतात. बरं आहे ना ते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी नवरा आहे हे तिला माहीत नाही, शालिनीताई. पण मी चांगला आहे हे माहीत आहे. नवरा होतो तेव्हा हे सर्टिफिकेट तिनं एकदाही दिलं नव्हतं." आणि मांडीवर थाप मारून हसले. चहा दुप्पट गोड झाला होता. त्यांनी सगळा प्यायला.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. माझं सगळं गाठोडं काळं. पर्स कोणापासून लपत होती आणि चिवडा कोणापासून वाचवला जात होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. वर्षभर दर रविवारी त्या बेसमेंटमध्ये दरोडेखोर येत होता आणि तो मी होते.

आठवडाभर बसून मी पांढऱ्या लोकरीची टोपी विणली. काठ जरा रुंद ठेवला. काठ लोंबायला लागला, पण असू दे. सई, माझी नात, म्हणाली, "आजी, यू लुक लाइक अ मशरूम." म्हटलं, बघू कोणाला काय दिसतं ते. कोटावरून पांढरी शाल लपेटली आणि रविवारी दोनला रस्ता ओलांडला.

वैरागड्यांनी दार उघडलं. माझ्या डोक्याकडे बघितलं. दोन बोटं आपल्या टोपीच्या काठाला लावली आणि बाजूला झाले.

मी पायऱ्या उतरले. पिक्चर सुरू झालं होतं, दगड येऊन गेला होता. वहिनींनी वळून माझ्याकडे पाहिलं. पायांपासून वर, सावकाश, टोपीपर्यंत. मी जागच्या जागी उभी. एवढी धाकधूक मला माझ्या बघण्याच्या कार्यक्रमातही झाली नव्हती.

"घोड्याला तोबरा लावलात का?" त्यांनी विचारलं.

"लावला, वहिनी."

"मग बसा ना. उभ्या काहून?"

मी बसले. चिरंजीव डावा हात वर करून पडला, आणि वहिनींनी पडद्यावरची नजर न काढता चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली.